डाव्या स्पीकरच्या तारा

अम्मी, मामूंनी कुवेतहून आणलेला तो मोठा टेप आता माझ्याकडे आहे. दोन महिन्यांपूर्वी भावाने पुसदचं घर रिकामं केलं, तेव्हा तो माळ्यावर निघाला, तुझ्या हिरव्या चादरीत गुंडाळलेला. चंदेरी रंगाचा, दोन बाजूंना बशीएवढे दोन स्पीकर, मधे कॅसेटचं दार, आणि वर ती मूठ, जिला धरून चार पावलं चाललं तरी खांदा उतरायचा. भाऊ म्हणाला, "आपा, भंगारवाले को दे दूं क्या?" मी म्हणाले, नको, मी नेते. पुसदहून यवतमाळ आणि यवतमाळहून वणी, दोन्ही गाड्यांत तो मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरने विचारलं, "मॅडम, चालू हाये काय हा?" मी म्हटलं, "हो, चालू आहे." तो चालू नव्हता. पण या टेपच्या बाबतीत खोटं बोलायची मला जुनी सवय आहे, आणि त्याबद्दलच तुला लिहायला बसले आहे.

हे मी मराठीत लिहिते आहे आणि तुला मराठी वाचता येत नव्हती. तू उर्दू वाचायचीस, ओळीवर बोट ठेवून. मला मात्र तूच हट्टाने मराठी शाळेत घातलंस, आणि पुढे मी जन्मभर मराठीच शिकवली. बोलायला तुला मराठी झकास यायची, पण ती तू आमच्याशी बोलायची नाहीस. घरात तुझी हिंदी, बाजारात वऱ्हाडी. स्वयंपाकघरात तू वऱ्हाडी बोललीस ती फक्त एका माणसाशी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तुझ्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या हातून पुन्हा लिहवत नाही.

टेप वणीला आणल्यावर मी ठरवलं, हा आपणच दुरुस्त करायचा. नोकरी संपली आहे, मुलं बाहेरगावी आहेत, आणि शेवटी मी मुलगी कुणाची? पाठीचे स्क्रू काढले. उजव्या स्पीकरची किनार वाळून पापडासारखी झाली होती, बोट लावताच तडकली. डाव्याचा कागदी कोन उंदरांनी एका बाजूने खाल्ला होता. किनारीचं ते कापड मी लगेच ओळखलं. तुझी फिकी गुलाबी मलमलची ओढणी. मोबाइलवर बघून बघून मी फोमच्या तयार रिंगा मागवल्या, कुरतडलेल्या जागी कागद डकवला आणि आठ दिवस खपले. सगळं सुकल्यावर कॅसेट घातली, तर गाण्याच्या मागे सतत खरखर, कुणी नखाने भिंत खरवडत असल्यासारखी. आतली तांब्याची कॉइल चुंबकाला घासत होती. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी आधी रिंगांना दोष दिला, मग गोंदाला, मग चष्म्याच्या नंबरला. तुझे जावई पलीकडच्या खोलीतून म्हणाले, "अम्मी तो चूल्हे के पास बैठके कर लेती थीं." ते सहज म्हणाले. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

तुला जमायचं. बाजारातल्या दुकानावर पाटी अब्बांची होती, काउंटरवर अब्बा बसायचे, रेडिओ-टेपचं बाकी सगळं तेच करायचे. पण फाटका स्पीकर आला की तो दुपारी त्यांच्या थैलीतून घरी यायचा. अब्बांचे हात मोठे होते आणि धीर लहान. पुसदमध्ये लोक म्हणायचे, मिस्त्रींनी बसवलेल्या स्पीकरकडे दहा वर्षं बघायला नको. ते मिस्त्री म्हणजे तू, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगत सुटायची तुला हौसही नव्हती. चूल पूर्ण विझली की तू फरशी पुसायचीस, पाट ओढायचीस आणि स्पीकर मांडीवर घ्यायचीस. मूळचा फोम आपल्याकडच्या उन्हाने चार-पाच वर्षांत चिकट होऊन गळायचा, म्हणून तू किनार मलमलीची करायचीस. मलमल भाताच्या पेजेत भिजवायची आणि पिठाच्या डब्याच्या पितळी झाकणावर ताणून बसवायची. त्या झाकणाची वळलेली कड बरोबर त्या मापाची होती. कापड सुकलं की तिचा गोल बाक घेऊन उठायचं. मग पंक्चरवाल्याचं सोल्युशन पेट्रोलमध्ये पातळ करून त्याचे दोन हात. कॉइल मधोमध राहावी म्हणून चुंबकाच्या फटीत फोटोच्या निगेटिव्हच्या पट्ट्या खोवायच्या, आणि डिंक पुरता धरेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही. शेवटी तारा जोडून, तारांच्या दुसऱ्या टोकांना पेन्सिल सेल टेकवायचा. कोन किंचित उसळतो. दोन्ही स्पीकरांचे कोन बाहेरच उसळले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत, तर एकाच्या तारा उलट लागल्या. पाहून झालं की चुंबकावर लाल ठिपका, माझ्या नखपॉलिशचा, कारण तू स्वतः नमाजी बाई, कधी लावलं नाहीस. तो ठिपका म्हणजे तुझा शब्द होता. ठिपका दिसला की अब्बा पुन्हा तपासायचे नाहीत.

मला हे सगळं पाठ आहे, कारण मी दाराशी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचे आणि पुस्तक वाचायचे नाही. एकदा म्हणाले, मला करू दे. तू दिलंस. मी किनार बसवली, तिला एका जागी सुरकुती पडली. तू बघितलंस, हसलीस आणि माझ्या हातातून स्पीकर काढून घेतलास. "रहने दे बेटा. तू पढ." मी उठायच्या आत तू माझी किनार ओल्या फडक्याने उतरवलीही होतीस. तू रागावली असतीस तर मी दुसऱ्यांदा बसले असते, असं मला वाटतं. तू रागावली नाहीस.

मग ती आली, जिचं नाव मी लिहीत नाही, तिच्या भावाचा टेप घेऊन. पुसदपासून दोन कोसांवरच्या तांड्यावरची, माझ्याच वयाची, सातवीनंतर शाळा सुटलेली. दुकान बंद होतं म्हणून विचारत विचारत घरी आली. तू पाटावर बसलेली होतीस. ती उंबऱ्यावर टेकली ती संध्याकाळच्या गाडीपर्यंत हललीच नाही. तिची आजी घागऱ्या-कांचळीवर आरसे भरायची, तिच्याकडून सुईदोऱ्याचं काम हिच्या बोटांत उतरलं होतं. तुझी एक निगेटिव्हची पट्टी निसटली, तेव्हा हिने न विचारता चिमटीत धरली आणि जागच्या जागी बसवली. तू वर बघितलंस. अम्मी, बारावीला मी पहिला वर्ग आणला तेव्हा तू मोहल्ल्यात मिठाई वाटली होतीस, पण माझ्याकडे असं बघितलं नव्हतंस.

त्यानंतर आठवड्यातले तीन दिवस ती यायची. तिच्याशी तू वऱ्हाडी बोलायचीस, आणि वऱ्हाडीत तू निराळीच बाई व्हायचीस, तोंडाळ, मिश्किल, उतावळी. "अवं, एवढा डिंक कायले? भाकर थापून राह्यली काय?" "दोघं संगं पुढं आले पाह्यजे, संगं मागं गेले पाह्यजे. एक इकडं आन एक तिकडं, तं आवाजच एकमेकाले खाते." तिची किनार सुरकुतली की तिलाच उतरवायला लावायचीस, एकदा सोडून चारदा. हातावर चापटही मारायचीस. ती तोंड वाकडं करायची आणि पुन्हा पाटावर बसायची. काही महिन्यांनी ती तुला याडी म्हणायला लागली. मी तिला विचारलं, याडी म्हणजे काय. "आमच्या बोलीत मायले म्हंतात," ती म्हणाली, इतक्या साधेपणाने की मला भांडताही आलं नाही. मी तुला अम्मी म्हणायचे, भाऊ म्हणायचा, मोहल्ल्यातली अर्धी पोरं म्हणायची. याडी म्हणणारी एकच होती. मी जळायचे, अम्मी. साध्या मराठीत त्याला दुसरा शब्द नाही. तिच्या बोटांवर जळायचे, तिच्या हातावरच्या चापटीवर जळायचे. आयत्या बिळावर नागोबा, असं मनात म्हणायचे, आणि तेही खरं नव्हतं. बीळ रिकामंच होतं, मी त्यात कधी शिरले नव्हते.

माझ्या मंगनीच्या पंधरा दिवस आधी मामूंच्या टेपचे स्पीकर गेले. वणीहून होणारे सासू-सासरे येणार, सगळा मोहल्ला येणार, ढोलकच्या गाण्यांची कॅसेट भरून तयार होती. तू दोन्ही स्पीकर उचललेस आणि तिच्या पुढ्यात ठेवलेस. "हे तू एकटीनं करायचे. मी हात नाही लावत, पाहत बी नाही. ठिपका बी तूच दे." सोल्युशन तेवढं तू आधीच पातळ करून ठेवलं होतंस, बाकी सगळं तिने केलं. किनारीसाठी तू तुझी गुलाबी ओढणी कापायला दिलीस, जी मी दोनदा मागितली होती.

मंगनीच्या सकाळी मोठी खाला अकोल्याहून आली. टेप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर होता, पाठ उघडी, कारण स्क्रू अब्बा दुकानातून आल्यावर लावणार होते. माझ्या हातांवर रंगलेली मेंदी, अंगावर नव्या कपड्यांचा जोडा. तू खालाला टेपपाशी नेलंस आणि म्हणालीस, "देखो, मेरी बेटी ने बनाया." खालाने कौतुकाने माझ्याकडे बघितलं, माझी हनुवटी धरली. तू हसून म्हणालीस, "अरे, ये नहीं. वो." आणि पलीकडे कांदे चिरत बसलेल्या तिच्याकडे बोट केलंस. खालाने माझी हनुवटी सोडली. माझ्याच मंगनीच्या दिवशी.

तुम्ही सगळ्या अंगणात सतरंज्या घालायला गेलात. ती पण गेली. स्वयंपाकघरात मी एकटी राहिले. डाव्या स्पीकरच्या दोन तारा दोन क्लिपांनी लावलेल्या होत्या. मी त्या काढल्या आणि एकीच्या जागी दुसरी घातली. श्वास धरायलाही वेळ लागला नाही, एवढंसं काम. लाल ठिपका होता तिथेच राहिला. मेंदीचे दोन कण आत पडले, ते मी फुंकून काढले. काही तोडायचं मला सुचलंच नाही, बघ. तोडलं असतं तर लोक म्हणाले असते, उंदीर असेल, कुणा पोराचा धक्का असेल. मला काम तिचंच दिसायला हवं होतं आणि चुकलेलं दिसायला हवं होतं. तुझ्या दाराशी बसून मी एवढं मात्र नीट शिकले होते.

दुपारी अंगणात टेप लागला. आवाज मोठा होता आणि त्यात जीव नव्हता. बायकांचं गाणं लांब कुठेतरी नळीत म्हटल्यासारखं, आणि ढोलक तर गेलीच, नुसती टिकटिक उरली. अब्बांनी बटण डावीकडे फिरवलं, एकटा डावा स्वच्छ वाजला. उजवीकडे फिरवलं, एकटा उजवा स्वच्छ वाजला. मधे आणलं की पुन्हा पोकळ. चोराच्या मनात चांदणं, मला वाटत होतं सगळे माझ्या मेंदीच्या हातांकडेच बघताहेत. कुणीच बघत नव्हतं. माझी होणारी सासू, जी मनाने वाईट नव्हती, हसत म्हणाली, "मिस्त्री के घर का टेप, और ऐसा?" सगळे हसले. अब्बाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी टेप उचलून आत नेला. मी पाणी आणण्याच्या निमित्ताने मागोमाग गेले.

तू कुणाला काही विचारलं नाहीस. पाठ उघडलीस, तारांची टोकं सोडवलीस आणि सेल टेकवलास. उजवा कोन बाहेर उसळला. डावा आत बसला. पुन्हा टेकवलास, पुन्हा आत. मग तू चुंबकावरचा ठिपका बघितलास.

"हा ठिपका कोणं देल्ला?"

"मीनं," ती म्हणाली.

"पाहून?"

"पाहून देल्ला, याडी. दोन्ही बाहेर आलते."

"मंग हा आत काहून बसला?" तुझा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "चुकली असती तं मी काही नसती म्हटली. न पाहता ठिपका देनं म्हंजे लबाडी हाये. माया घरात लबाडी नाही चालत. इतक्या वर्साचा माया हात तुनं आज अंगनात नेऊन टाकला. जाय. घरी जाय. आपल्या डोयावर भरोसा आला का मंग ये."

तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही की मी पाहिलं होतं. दाराशी गेल्यावर ती थांबली आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, हात दुसऱ्या कुणाचा असावा तशी. मग न जेवता गेली. त्या दिवशी आपल्या अंगणात सगळा मोहल्ला जेवला.

मला आनंद झाला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? माझ्या बोटात अंगठी घातली जात होती आणि मी खूश होते ती अंगठीने नाही. तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. पाहुणे गेल्यावर तू चुलीपाशी बसली होतीस, तूही काही खाल्लं नव्हतंस. अब्बा म्हणाले, "छोड, बच्ची है, गलती हो गई." तू म्हणालीस, "दूसरों की गलती से मुझे क्या? उसकी लगती है." मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. माझी किनार सुरकुतली तेव्हा तू का हसली होतीस, ते मला त्या क्षणी समजलं. माझी चूक तुला लागलीच नव्हती.

नवव्या दिवशी ती परत आली. पदराच्या गाठीत स्वतःचा सेल बांधून आणला होता. तू फक्त पाट सरकवलास. त्या दिवसापासून ती एकाऐवजी तीन ठिपके द्यायला लागली: एक किनार बसल्यावर, एक तारा लावल्यावर आणि एक पाठ बंद करायच्या आधी. आणि तू, जी सोल्युशन किती पातळ करायचं हे तिच्यापासूनही राखून होतीस, तेही तिला दाखवलंस. त्यानंतर चार महिन्यांत माझं लग्न झालं आणि मी वणीला आले. माझ्या मागे दाराशी बसणारं कुणी उरलं नाही, पाटावर मात्र ती असायची.

तुझ्या शेवटच्या आजारात मी सुट्टी काढून आले, तेव्हा ती तुझ्या पायाशी बसलेली होती. तू मला कानातले बुंदे दिलेस, सोन्याचे, नानीचे. तिला पिठाच्या डब्याचं झाकण दिलंस. मी म्हणाले, अम्मी, झाकण मला हवं. तू हसलीस, तेच हसू. "तू क्या करेगी उसका, बेटा?" बुंदे मी लग्नकार्यात घालते. बायका विचारतात, कुणाचे गं, आणि मी सांगते, माझ्या आईचे. डबा भावाकडे अजून आहे. त्यावर ते ताटली झाकतात.

तर गेल्या आठवड्यात टेप पुन्हा मांडीवर घेऊन मी पुसदला गेले, तिच्याकडे. मनाशी पक्कं केलं होतं की आधी सांगायचं आणि मग टेप पुढे करायचा. स्टँडपासून जवळच तिचं दुकान आहे. पाटीवर तिचं स्वतःचं नाव आहे, त्याखाली 'जुने टेप व स्पीकर'. आत फळ्यांवर असे कितीतरी मोठे टेप, पुण्याहून, नागपूरहून लोकांनी खोक्यात घालून पाठवलेले. जुन्या टेपच्या शौकिनांना म्हणे आता तीन ठिपक्यांचाच स्पीकर लागतो. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "अवं माय! तू?" मग तिला टेप दिसला. "आन हा?" ती मला तिथेच सोडून त्याच्याकडे वळली. तूही असंच करायचीस. सांगायचं राहून गेलं.

तिने पाठ उघडली आणि माझ्या रिंगा बघितल्या. मी म्हणाले, मीच लावल्या. वाटलं, आता हिच्या तोंडून तरी दोन शब्द ऐकायला मिळतील. "चांगल्या लावल्या," ती म्हणाली, आणि ओल्या फडक्याने हलकेच उतरवायला लागली. मला हसू आलं. ती म्हणाली, "काहून हासून राह्यली वं?" मी म्हटलं, काही नाही, अम्मी आठवली.

काम दोन दिवसांचं होतं, तिने मला जाऊ दिलं नाही. तिच्याच घरी जेवले, झोपले. उंदरांनी खाल्लेल्या कोनाला तिने पातळ कागदाचे थर दिले, एक सुकला की दुसरा, आणि कडा बोटाने अशा विरवल्या की जोड दिसेना. मग फडक्यातून झाकण काढलं. मी हात पुढे केला, तिने दिलं. पितळ घासून घासून पातळ झालं आहे, कडेवर सुकलेल्या पेजेचा पांढरा थर बसला आहे. मी ते नाकाशी नेलं. मग परत दिलं. लगेच नाही दिलं.

दुसऱ्या दिवशी किनारी बसल्या, तारा लागल्या. डाव्या स्पीकरच्या चुंबकावर तिला तो जुना ठिपका दिसला, एकच, तपकिरी पडलेला. तिने त्यावर बोट ठेवलं. "हा माया पहिला. याले एकच हाये पाह्य." मग माझ्याकडे वळली. "याडी मले बोलली ते याच्यावरच. तुया मंगनीच्या दिवशी. तुले याद हाये का नाही?"

"आहे," मी म्हणाले. माझी वेळ आली होती. मी तोंड उघडलंही होतं.

"मले अजून वाटते का मीनं पाह्यलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही बाहेर आलते, असंच डोयापुढं दिसते. पन कोन तं आत बसला ना! म्हंजे मायं मनच मले फसवते. तवापासून मनावर भरोसा नाही ठेवत मी, सेलवर ठेवतो. घरचं कुलूप बी तीनदा ओढून पाहतो. पोरं हासतात मले." ती स्वतःही हसली. "पन एक सांगू? याडी तशी बोलली नसती तं मी एवढी नसती झाली. मायी माय बी मले तशी नाही बोलली कधी. आपलं मानल्याबिगर कोनी एवढं तोडून बोलते काय? जपून ठेवलं हाये मी ते बोलनं." सेल शोधता शोधता तिने विचारलं, "तुले बोलली का वं कधी अशी?"

"नाही," मी म्हणाले.

"नशीबवान हायेस बाप्पा," ती म्हणाली, अगदी मनापासून. आणि सेल टेकवला. दोन्ही कोन बाहेर उसळले. तिने ठिपका दिला, पुन्हा पाहिलं, पुन्हा दिला. मी समोर बसून बघत होते. पाठ बंद होईपर्यंत मी काही बोलले नाही, आणि नंतर गाडीची वेळ झाली.

टेप आता आमच्या बैठकीत आहे. ढोलक अशी वाजते की टेबलावरच्या कपबशा थरथरतात. घरी आल्यावर पहिली गोष्ट मी काय केली असेल, तर पाठ उघडून सेल लावला. चूक सापडावी, नखभर का होईना, असं मला वाटत होतं. साठीच्या जवळ आलेली बाई, आणि हे मन. चूक नव्हती.

हे पत्र खरं तर तिलाच लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीत तिचं नाव लिहून झालं आणि मी तो कागद फाडला, कारण तिला मराठी वाचता येते. तिला कळायला हवं की त्या दिवशी तिचे डोळे खरे होते, दोन्ही कोन बाहेरच आले होते, आणि कुलूप एकदा ओढलं तरी पुरतं. रोज सकाळी ठरवते, आज फोन करायचा. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार येतो, जो मला पहिल्यापेक्षा गोड लागतो. मी सांगितलं की ते बोलणं तिचं राहणार नाही. तिला कळेल की लबाडी तिने केलीच नव्हती, म्हणजे तू बोललीस ते तिला नव्हे, जिने लबाडी केली तिला, आणि ती तर पाण्याच्या निमित्ताने दाराशी उभी होती. आयुष्यात एकदाच तू मला तोडून बोललीस, अम्मी, आणि ते तिच्या हाती गेलं, आणि इतकी वर्षं ती ते जपते आहे.

मला ते परत हवं आहे. तिचं मन हलकं व्हावं म्हणून नव्हे, परत हवं म्हणूनच मला सांगायचं आहे, आणि हे असं आहे तोवर माझ्याच्याने फोन होत नाही. माया घरात लबाडी नाही चालत, जाय, असं तू म्हणाली होतीस. माझ्या वाट्याची तुझी वऱ्हाडी तेवढीच.